मिसामारी ते नॉर्गेलिंग : तिबेटी छावण्यांचे स्थलांतर

लेखमाला : आश्रय आणि पुनर्वसन – लेखांक ४

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड आणि गोठणगावच्या परिसरात, नॉर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. आसपासच्या गावांत तिला ‘तिबेटी कॅम्प’ म्हणतात. ती १९७२ साली वसली, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या कागदपत्रांत वसाहतीच्या नावापुढे ‘भंडारा’ अजूनही लागते. हा मुलूख धानाचा. ल्हासाच्या पठारावरची माणसे या धानपट्ट्यात आली, त्यामागे तेरा वर्षांची शिष्टाई होती.

छावणी हलवण्यातला पेच

पुरामुळे किंवा धरणामुळे विस्थापित झालेल्यांचे पुनर्वसन हा एका सरकारचा अंतर्गत कारभार असतो. राजकीय परागंदांची छावणी हलवताना मात्र निदान चार पक्ष समोर असतात. पहिला, ज्या राजवटीला कंटाळून लोक पळाले ती राजवट. त्यांना दिलेला आसरा तिला शत्रुत्व वाटतो. दुसरा, आश्रय देणारा देश. त्याला माणुसकी सांभाळायची असते आणि शेजाऱ्याशी युद्धही टाळायचे असते. तिसरा, परागंदांचे नेतृत्व. विखुरलो तर आपला लढा संपेल, हे भय त्याला असते. चौथा पक्ष मदत करणाऱ्या संस्था आणि तिसऱ्या देशांचा. या चौघांत मेळ घालून माणसे सुरक्षित जागी पोचवणे, हे मानवतावादी शिष्टाईचे काम.

१९५९ : आसरा आणि त्याची मर्यादा

१० मार्च १९५९ रोजी ल्हासात चिनी सत्तेविरुद्ध उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री दलाई लामा राजवाड्यातून बाहेर पडले आणि ३१ मार्चला त्यांनी भारताची सीमा ओलांडली. तवांग, तेजपूर असा प्रवास करून ते मसुरीला पोचले. त्यांच्यामागून सुमारे ८० हजार तिबेटी भारत, नेपाळ आणि भूतानमध्ये आले.

पंडित नेहरूंपुढे अवघड निवड होती. २९ एप्रिल १९५४ च्या पंचशील कराराने भारताने तिबेटला चीनचा प्रदेश म्हणून मान्यता दिली होती. उठावाची सूत्रे कालिम्पाँगहून हलतात, असा चीनचा आरोपही होता. नेहरूंनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. दलाई लामांना आणि त्यांच्या अनुयायांना सन्मानाने आश्रय मिळाला. निर्वासित सरकार म्हणून मान्यता मात्र दिली गेली नाही. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तिबेटविषयी ठराव केला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. १९६२ च्या युद्धानंतर भूमिका बदलली. डिसेंबर १९६५ मध्ये आमसभेत तसाच ठराव आला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. भारताची भूमिका मांडणारे प्रतिनिधी होते महाराष्ट्रातील नेते रफीक झकेरिया.

मान्यता नाकारूनही आसरा दिल्यामुळे चीनशी संबंध बिघडायचे टळले नाहीत. पण निर्वासितांचे पुनर्वसन दिल्ली–पेकिंग संबंधांच्या चढउतारांपासून बऱ्याच अंशी वेगळे राहिले. पुढची सारी स्थलांतरे त्या जोरावर झाली.

मिसामारी आणि बक्सा

सीमेवरून आलेल्यांसाठी आसामात तेजपूरजवळ मिसामारी येथे बांबूच्या झोपड्यांची तात्पुरती छावणी उभारली गेली. शिक्षण आणि धर्माचरण सुरू राहावे म्हणून सुमारे पंधराशे भिक्षूंना पश्चिम बंगालमधील बक्सा येथे ठेवले गेले. इंग्रजांनी भारतीय राजबंद्यांसाठी वापरलेला हा तुरुंग होता. मदतीचे काम आचार्य कृपलानी यांच्या अध्यक्षतेखालील मध्यवर्ती समितीकडे होते. थंड, कोरड्या पठारावरून आलेल्या लोकांना आसाम-बंगालचा दमट उकाडा सोसेना. रोगराईने अनेक जण दगावले. बक्सात क्षयरोग पसरला.

पहिले स्थलांतर यातूनच झाले. धडधाकट स्त्री-पुरुषांना हिमालयातील रस्त्यांच्या कामावर पाठवण्यात आले. हवा मानवली, पण दरडी आणि सुरुंगांनी माणसे गेली आणि तंबूंतल्या मुलांचे हाल झाले. मे १९६० मध्ये धरमशाला येथे दलाई लामांच्या वडील भगिनी त्सेरिंग डोल्मा यांच्या देखरेखीखाली बालकगृह सुरू झाले, ते या मुलांसाठी. रस्ता पूर्ण झाला की तळ उठणार. तेव्हा घर म्हणता येईल अशी जागा शोधणे भाग होते.

जमिनीची शोधाशोध

दलाई लामांची मागणी होती की तिबेटींना एकत्र, मोठ्या गटांनी वसवावे, म्हणजे भाषा, धर्म आणि परतण्याची आशा टिकेल. नेहरूंनी ती मानली. परंतु जमीन हा राज्यांचा विषय असल्याने केंद्राला राज्यांकडे शब्द टाकावा लागला. म्हैसूर राज्याने पुढाकार घेऊन बैलकुप्पे येथे सुमारे तीन हजार एकर जमीन दिली आणि १९६० च्या अखेरीस पहिली तुकडी तेथे पोचली. त्यानंतर मध्य प्रदेशात मैनपाट, ओरिसात चंद्रगिरी आणि १९६६ मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोड अशा वसाहती झाल्या. बक्साचे भिक्षू पुढे बैलकुप्पे आणि मुंडगोडला गेले आणि गांदेन, द्रेपुंग व सेरा हे ल्हासा परिसरातील मठ दक्षिणेत पुन्हा उभे राहिले.

आंतरराष्ट्रीय मदत कायद्याच्या कडेकडेने आली. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात भारत सामील झालेला नव्हता. त्यामुळे मदत बरीचशी स्वयंसेवी संस्थांमार्फत पोचली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचे कार्यालय दिल्लीत १९६९ मध्ये उघडले. तिसऱ्या देशाचा मार्ग स्वित्झर्लंडने दाखवला. १९६३ मध्ये तेथील सरकारने एक हजार तिबेटींना स्वीकारायचे ठरवले आणि रेडक्रॉसने त्यांना गटागटांनी वसवले. तरीही बहुसंख्यांसाठी भारतातली शेतीची वसाहत हाच तोडगा राहिला.

भंडाऱ्यातील वसाहत

१९७२ च्या सुमारास वसाहतींची आणखी एक फेरी झाली. म्हैसूर राज्यात हुणसूर आणि महाराष्ट्रात नॉर्गेलिंग ही त्याच वर्षाची. नॉर्गेलिंगची जागा जंगलाने वेढलेली. जवळच गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण आणि महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेला प्रतापगड. सातू पिकवणाऱ्या आणि याक राखणाऱ्या लोकांना विदर्भाचा उन्हाळा सोसून धानाची रोवणी शिकावी लागली.

शेतीवर वर्षभर भागत नाही, म्हणून हिवाळ्यात तिबेटी कुटुंबे शहरांत लोकरी कपडे विकायला जातात. नागपूरकरांच्या परिचयाचा तिबेटी स्वेटर बाजार याच व्यवसायाचा भाग. वसाहतीचा कारभार निर्वासित प्रशासनाने नेमलेला वसाहत अधिकारी पाहतो. कायदा आणि महसूल मात्र महाराष्ट्र शासनाचा. अंतर्गत स्वायत्तता आणि यजमान राज्याचा अधिकार यांची ही वाटणी, छावणीची वसाहत होण्याचा गाभा आहे.

कागदांचा अपुरा प्रश्न

जमीन मिळाली, तरी हक्क पूर्ण मिळाले नाहीत. भारतात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नसल्याने तिबेटींना परकीय नागरिक म्हणून नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे आणि ते वेळोवेळी वाढवून घ्यावे लागते. परदेशप्रवासासाठी पासपोर्टऐवजी ओळख प्रमाणपत्र लागते. नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेले जन्माने भारतीय ठरतात. तिबेटींनाही हे लागू आहे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने वसाहतींच्या जमिनींसाठी वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याची आणि रोजगार हमी, स्वस्त धान्य यांसारख्या योजनांच्या लाभाची सोय सुचवली. अंमल राज्यांच्या हाती असल्याने अनुभव ठिकठिकाणी निराळा आहे. नागरिकत्व घेतले तर निर्वासित म्हणून असलेली लढ्याची ओळख पुसट होते, न घेतले तर नोकरी आणि मालमत्ता अडते. प्रत्येक तरुणासमोर हा पेच आहे.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण

हे काम किती बिघडू शकते, ते इराकमधील अशरफ छावणीच्या इतिहासात दिसते. इराणच्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्या मुजाहिदीन-ए-खल्क संघटनेचे तीन हजारांहून अधिक सदस्य तेथे राहत होते. २००९ मध्ये छावणी इराकी सरकारच्या ताब्यात आली आणि या सरकारला ते नकोसे होते. २५ डिसेंबर २०११ रोजी संयुक्त राष्ट्रे आणि इराक यांच्यात समझोता होऊन २०१२ मध्ये बहुतेकांना बगदादजवळच्या लिबर्टी छावणीत हलवले गेले. ती तात्पुरती जागा होती, पण पुढे कोणता देश त्यांना घेणार हे ठरलेले नव्हते. त्या अनिश्चिततेत लिबर्टीवर रॉकेटहल्ले झाले. १ सप्टेंबर २०१३ रोजी अशरफमध्ये मागे राहिलेल्यांपैकी ५२ जण मारले गेले. अखेर अल्बानियाने दार उघडले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये स्थलांतर पूर्ण झाले.

दोन्ही उदाहरणांत परिस्थिती वेगळी आहे. इराणी गटाचा सशस्त्र इतिहास आणि इराकमधील अस्थिरता तिबेटींच्या वाट्याला आली नव्हती. तरीही तीन कसोट्या दोन्हीकडे लागू पडतात. तात्पुरत्या जागेतून माणसे उठवण्याआधी कायमची जागा ठरलेली असावी. समूह एकत्र राहील याची हमी त्याच्या नेतृत्वाला मिळावी. आणि यजमान देशाने मदतीचा प्रश्न राजकीय मान्यतेच्या वादाशी बांधू नये. या तिन्हींत भारताचे काम आदरास पात्र आहे. चौथी कसोटी हक्कांच्या कागदांची; तेथे मात्र साठ वर्षांनंतरही काम बाकी आहे, आणि ते पूर्ण करण्यासाठी आता जमिनीपेक्षा कायद्याची गरज आहे.

(पुढील लेखांक : कोल्हापूरजवळील वळिवडे येथील पोलिश छावणी)