रांग धक्क्यावरची आणि फाटकाबाहेरची

मुंबई बंदर युनियनने बुडवलं, हे वाक्य दादर-परळात कुणीही ऐकवेल. गिरण्यांबद्दलचा हाच निवाडा गोदीलाही चिकटवला जातो. पण २६ मे १९८९ रोजी खाडीपलीकडे न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं, तेव्हापासूनची साडेतीन दशकं तपासली तर हा निवाडा अर्धाच खरा ठरतो. दादर टीटीवरून पूर्वेला वडाळा ओलांडला की बंदराची हद्द लागते. १९१५ सालच्या पोर्ट ट्रस्ट रेल्वेचा रूळ गोदीपासून वडाळ्यापर्यंत बंदराच्या मालकीचा होता. पुढे कुर्ल्याकडे जायचं तर लोकलच्या गर्दीतून वाट काढावी लागे आणि ऐन गर्दीच्या वेळी ती मिळत नसे. परळ-दादर-शीव रस्त्यावर अवजड गाड्यांना वेळेचं बंधन, म्हणून ट्रक रात्र व्हायची वाट बघत थांबायचे. १८८०चा प्रिन्सेस डॉक, १९१४चा अलेक्झांड्रा, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, ही सगळी बांधणी पोत्यांच्या आणि गासड्यांच्या काळातली. तेव्हाचा बराचसा माल शेजारच्या गोदामात नाहीतर गिरणीत संपायचा. कंटेनरला मोकळं पटांगण हवं आणि शहराबाहेर पडायला विनाअडथळा रस्ता. दोन्ही इथे नव्हतं, म्हणून कंटेनर न्हावा-शेव्याला गेले.

गोदी कामगारांच्या टोळीत किती माणसं असावीत यावरचे वाद आणि त्यात अडकलेली जहाजं, हे खोटं नाही. पण कामगारच मूळ कारण असते तर ते कमी झाल्यावर कंटेनर परतायला हवे होते. १९९४ मध्ये डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं, पुढे कामगारसंख्या घटत गेली; माल मात्र पलीकडेच राहिला. २००७ मध्ये समुद्रातल्या नव्या कंटेनर टर्मिनलचा करार झाला, त्यासाठी प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉक बुजवून जागा केली. धक्के उभे राहिले आणि तिथून निर्यात होऊ लागली मोटारगाड्यांची! खोलीचा आक्षेप राहतो, तो मान्य. इंदिरा डॉकच्या झडपेतून आजची मोठी कंटेनर जहाजं शिरणारच नाहीत. पण टर्मिनल डॉकच्या बाहेर काढूनही गणित जुळलं नाही, हे विसरता येत नाही.

मग न्हावा-शेव्याला खासगीकरणाने तारलं का? १९९९ मध्ये देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल तिथे सुरू झालं आणि क्रेन झपाट्याने चालू लागल्या. रांग जहाजांची होती ती फाटकाबाहेर ट्रेलरची झाली. निर्यातीचा ट्रेलर आला की चालकाच्या हातातला फॉर्म १३ हा प्रवेशाचा कागद, कंटेनरचा नंबर, सीलचा नंबर ताडून बघायचा. एक आकडा चुकला तरी मागच्या गाड्या खोळंबल्या. आयातीचा कंटेनर धक्क्यावरून आधी सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर-गोदामात जायचा, कस्टम तिथे, भाडं तिथे. खरा फरक पडला तो २०१६नंतर, कंटेनरवर आरएफआयडी टॅग लागले आणि माल थेट धक्क्यावरून कारखान्यात नेण्याची मुभा वाढली तेव्हा. यात सीएफएसवाल्यांचा धंदा गेला आणि स्वतःचं गोदाम नसलेल्या छोट्या आयातदाराची ४८ तासांत माल उचलताना दमछाक झाली. ही तक्रार रास्त आहे, पण तिच्यासाठी सगळ्यांचाच माल वळसा घालून न्यावा असं होत नाही. याच काळात जागतिक बँकेच्या लॉजिस्टिक्स क्रमवारीत भारत २०१४ मध्ये ५४वा होता, २०२३ मध्ये ३८वा.

रुळांवर मात्र बंदर आधी आणि बाहेरची वाट नंतर, ही जुनीच चूक पुन्हा झाली. दादरी ते न्हावा-शेवा या पश्चिम मालवाहतूक मार्गिकेचा रेवाडी-मदार टप्पा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला, मुंबईजवळचा वैतरणा ते न्हावा-शेवा हा तुकडा सर्वांत मागे पडला. तोवर मुंद्रा, पिपावाव ही गुजरातची बंदरं त्याच मार्गिकेला जोडली गेली होती आणि एकावर एक कंटेनर रचलेल्या गाड्या तिकडे धावत होत्या. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेल्या ७६,२२० कोटींच्या वाढवण बंदराबद्दल बोलताना सगळे वीस मीटर खोलीचंच कौतुक करतात. तिथल्या मच्छीमारांचा विरोध कायम असताना, बंदरापासून मार्गिकेपर्यंतचा रूळ आणि महामार्गापर्यंतचा रस्ता पहिल्या जहाजाआधी तयार होईल का, एवढंच मला विचारावंसं वाटतं.