सिग्नल कोअरच्या फिरत्या रडारची हकीकत

रडारचा इतिहास सांगताना ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्यावरील उंच मनोऱ्यांचा उल्लेख प्रथम व्हावा हे यथार्थच आहे. परंतु सैन्याबरोबर हलणारे, मालमोटारींवर लादून एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी नेता येणारे रडार अमेरिकेच्या भूदलाने कसे सिद्ध केले, आणि खजिन्याचा दरवाजा बंद असताना त्यासाठी पैसा कोठून उभा राहिला, ही हकीकतही स्वतंत्रपणे सांगण्याच्या योग्यतेची आहे.

भूदलाचे संदेशवहन खाते म्हणजे सिग्नल कोअर. त्याची प्रयोगशाळा न्यू जर्सी राज्यात फोर्ट मॉनमथ येथे होती, आणि 1930 पासून तिची सूत्रे कर्नल विल्यम ब्लेअर यांच्या हाती होती. त्या काळी रात्री येणाऱ्या विमानाचा ठाव घेण्यास प्रचंड कर्णे लावून त्याचा आवाज ऐकणे हाच सर्वमान्य उपाय होता. पण पाच मैलांवरचा ध्वनी कानी पडावयास सुमारे 24 सेकंद लागतात, आणि ताशी 200 मैल वेगाचे विमान तेवढ्या अवधीत सव्वा मैलाहून अधिक पुढे निघून गेलेले असते. अर्थात झोतदिव्याचा प्रकाश पडे तो रिकाम्या आकाशावर. रेडिओलहरीचे तसे नाही. एक मैल जाऊन परत यावयास तिला सेकंदाचा सुमारे एक लक्षांश भागच लागतो.

लहरींचे क्षणिक स्पंद सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपण्याचे तंत्र नौदलाच्या संशोधनशाळेने आधीच हस्तगत केले होते, आणि 1935 साली काँग्रेसने त्या शाळेला एक लाख डॉलर मंजूरही केले होते. भूदलाचे नशीब एवढे थोर नव्हते. फोर्ट मॉनमथचे अभियंते हर्शबर्गर यांनी नौदलाचा प्रयोग प्रत्यक्ष पाहून तसलेच उपकरण उभारले खरे, पण कामासाठी केलेली रकमेची मागणी युद्धखात्याने नामंजूर केली. तेव्हा संदेशवहनाच्या एका वेगळ्या योजनेकरिता पूर्वी मंजूर झालेल्या तरतुदीतून 75,000 डॉलर या कामाकडे वर्ग करण्यात आले. मंदीच्या त्या वर्षांत, शांततेच्या काळात, कोणी डोळ्यांनी न पाहिलेल्या यंत्रासाठी नवी रक्कम देण्यास खात्याने कचरावे, यात मला नवल वाटत नाही. नवल वाटते ते, नकार हाती पडल्यावरही फाइल बासनात न बांधता, आपल्याच खात्याचे दुसरे काम मागे सारून, या अनिश्चित कामाला पैसा पुरविणाऱ्या अधिकाऱ्यांच्या धैर्याचे. पुढे जे लाखो डॉलर आले, त्यांहून हे 75,000 मला मोलाचे वाटतात.

14 डिसेंबर 1936 रोजी प्रक्षेपक आणि ग्राहक एकमेकांपासून मैलभर दूर ठेवून, न्यूयॉर्ककडे ये-जा करणारी विमाने सात मैलांपर्यंत टिपली गेली. त्यानंतर पाच महिन्यांनी, 26 मे 1937 च्या रात्री, युद्धमंत्री हॅरी वुड्रिंग यांच्या समक्ष या यंत्राची परीक्षा झाली. लाकडी चौकटींवर तारांचे द्विध्रुव ओळीने बसविलेले, दिशा आणि उन्नतांश यांचे ग्राहक निराळे, आणि त्यांच्या इशाऱ्यावर वळणारा एक झोतदिवा, असा तो साधासुधा सरंजाम होता. अंधारात कोठेतरी बॉम्बफेकी विमान घोंघावत होते. यंत्राने त्याचा माग काढला, दिवा पेटला, आणि ते विमान झोतात दिसले. दुसऱ्याच दिवशी पूर्ण विकासाचे हुकूम सुटले, आणि काँग्रेसने अडीच लाख डॉलरची तरतूद केली. पानेच्या पाने भरलेल्या अर्जांनी जे झाले नव्हते ते एका प्रकाशझोताने झाले.

त्यातून निर्माण झालेले एससीआर-268 हे यंत्र तोफा आणि झोतदिवे यांच्या दिमतीला होते. पडद्यावर प्रतिध्वनीची दोन शिखरे शेजारी शेजारी उमटत, आणि ती समान उंचीची होईपर्यंत चालकाने चाक फिरवावयाचे, की आकाशक नेमका लक्ष्याकडे रोखला जाई. परंतु हवाई दलाला शत्रूची वर्दी फार लांबून हवी होती, आणि त्या गरजेतून हॅरॉल्ड झाल यांच्या देखरेखीखाली दोन भावंडे तयार झाली: एका जागी उभारावयाचे 271, आणि वाहनांवरून फिरणारे 270. वेस्टिंगहाउस कंपनीकडून 270 ची यंत्रे 1940 च्या अखेरीस मिळू लागली. चालकांची गाडी, विद्युत्जनित्राची गाडी, आकाशकाचा मनोरा दुमडून ठेवण्याची लांब गाडी आणि ती ओढणारी मोटार, असा त्याचा जामानिमा असे.

या फिरतेपणाचे मोल हवाई बेटांत कळले. ओआहू बेटावरील स्थायी केंद्रे डिसेंबर 1941 उजाडला तरी पुरी झाली नव्हती. पण 270 ची यंत्रे टेकड्यांवर नेऊन कामाला लागली होती. 7 डिसेंबर रोजी ओपाना येथे लॉकर्ड आणि एलियट हे दोन सैनिक पहाटे 4 पासून पहाऱ्यावर होते. 7 वाजता यंत्र बंद करावयाचे. पण न्याहारीस नेणारी मोटार आली नव्हती, म्हणून सरावासाठी ते चालूच राहिले. 7 वाजून 2 मिनिटांनी उत्तरेस 130 मैलांहून अधिक अंतरावर पडद्यावर एवढे मोठे शिखर उठले, की यंत्रात बिघाड झाला की काय अशी लॉकर्डला शंका आली. त्यांनी फोर्ट शाफ्टरच्या माहिती केंद्राला दूरध्वनी केला. तेथील बहुतेक माणसे वेळ संपल्याने निघून गेली होती. जो एक तरुण वैमानिक अधिकारी हजर होता त्याला या कामाची सवय नव्हती, आणि कॅलिफोर्नियाहून आपली बी-17 विमाने त्या सकाळी यावयाची होती, एवढे मात्र त्याने ताडले होते. चिंतेचे कारण नाही, असे त्याने कळविले. 7 वाजून 55 मिनिटांनी पर्ल हार्बरवर पहिले बॉम्ब पडले.

त्या अधिकाऱ्यावर ठपका ठेवणे मला अन्यायाचे वाटते. यंत्रासाठी पैसा मिळाला होता. पण यंत्राने पाहिलेले विमान आपले की परक्याचे, हे ठरविण्यासाठी नौदलाचा, भूदलाचा आणि बॉम्बफेकी दलाचा एकेक जाणकार त्या टेबलाशी सतत बसविण्याची व्यवस्था कोणी पुरी केली नव्हती. ओपानाचे यंत्र त्या सकाळी अचूक चालले, आणि लॉकर्ड व एलियट यांनी विमाने टेकडीच्या आड दिसेनाशी होईपर्यंत त्यांचा माग सोडला नाही. पहाटेच्या तीनच तासांचा शिरस्ता त्याच दिवशी मोडला, आणि बेटावरील यंत्रे अहोरात्र चालू लागली.