माहेरी मालकी, सासरी मुक्काम

नगर जिल्ह्यात सोयरीक जमवताना मुलीकडचे हमखास विचारतात: शेती किती, आणि घर स्वतःचं की भावाभावांत? त्या घरात मुलीचं काय असेल, हे मात्र बैठकीत निघत नाही.

1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं मुलीला वारस केलं, पण राहत्या घराची वाटणी भावांनी मागितल्याशिवाय तिला मागता येत नव्हती. त्या घरात राहण्याचा हक्क होता तो अविवाहित, विधवा, टाकलेल्या किंवा नवऱ्यापासून विभक्त लेकीला. 1994 साली महाराष्ट्रानं मुलींना जन्मतः सहहिस्सेदार केलं. मात्र 22 जूनपूर्वी लग्न झालेल्या वगळल्या. एकाच घरात आधी उजवलेली थोरली बाहेर, धाकटी आत! ही भिंत 2005च्या केंद्रीय दुरुस्तीनं पाडली. राहत्या घराची अटही तेव्हाच गेली.

सुनेची वाट वेगळी. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती चळवळीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर आणायला सुरुवात केली. 2003पासून ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावण्याचं धोरण आलं. कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं राहण्याचा हक्क दिला. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही दिला. नुसता साखरपुडा त्यात बसत नाही.

2020 साली सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल लागोपाठ आले. ऑगस्टमध्ये विनीता शर्मा खटल्यात मुलीचा हिस्सा जन्मापासूनच, हे पक्कं झालं. ऑक्टोबरमध्ये सतीश चंदर आहुजा खटल्यात, घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सून तिथं राहण्याचा हक्क सांगू शकते, असं ठरलं. म्हणजे माहेरी मालकी, सासरी फक्त मुक्काम.

आणि गावोगाव घडतं काय? सणाला आलेल्या बहिणीला भाऊ दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतो, ती हक्कसोडपत्रावर अंगठा-सही करते, साडी घेऊन परत जाते. मालकीचं घर सुटतं, मुक्कामाचं उरतं.

नुसत्या साखरपुड्यानं मुक्कामाचा हक्कही मिळत नाही; म्हणून लग्नाआधीच वाग्दत्त वराच्या सामाईक घराचे हप्ते भरणाऱ्या मुलींनी हे ध्यानात घ्यावं. त्यानं आपला हिस्सा तिला रीतसर विकला, तरी 1882चा मालमत्ता हस्तांतरण कायदा कुटुंबाबाहेरच्या खरेदीदाराला राहत्या घराचा एकत्र ताबा देत नाही. वाटणी मागावी लागते. हप्ते बँकेतूनच भरावेत, आणि घर नवं असेल तर खरेदीखतात आपलं नाव पहिल्याच दिवशी घालून घ्यावं. सोयरिकीच्या बैठकीत हा विषय काढायला वाईट वाटतं खरं. नंतर कोर्टात काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.