समजून घ्या : विंडोज १० चा सपोर्ट संपला, घरचा जुना संगणक ११ वर न्यायचा की आहे तसा ठेवायचा?

सदाशिव पेठेतून आत्याचा फोन आला की दोनच शक्यता असतात. एक तर कोणाच्या तरी मुंजीचे आमंत्रण, नाही तर संगणक. भाचा इंजिनीअर झाला म्हणजे त्याला प्रिंटरपासून गिझरपर्यंत सगळे येते, असे आमच्या घरात गृहीत धरलेले आहे. या वेळी विषय संगणकाचा होता.

‘अरे, पडद्यावर सारखं येतंय, विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून अकरा टाकून देतो. देऊ का त्याच्याकडे?’

‘मी येईपर्यंत कोणाला हात लावू देऊ नकोस,’ असे सांगून मी गाडी काढली. कारण त्या संगणकात आतोबांनी बारा वर्षे खपून जमवलेला घराण्याचा कुलवृत्तान्त आहे. साडेचारशे पाने, श्री-लिपीत टाइप केलेली. आतोबा आता नाहीत आणि त्या फायलींची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

असे संगणक केवळ आत्याकडेच नाहीत. नोटीस तीच, प्रश्नही तेच. म्हणून एकेक प्रश्न पाहू.

सपोर्ट संपला म्हणजे नेमके काय झाले?

विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट थांबवला. याचा अर्थ संगणक बंद पडला असा नाही. तो पूर्वीसारखाच सुरू होतो, फायली उघडतात, छपाई होते. थांबल्या त्या दर महिन्याला फुकट मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या.

प्रणालीत नवनव्या त्रुटी सापडतच राहतात. कंपनी त्या बुजवते, म्हणून आपल्याला कळतही नाहीत. बुजवणे थांबले की प्रत्येक नवी त्रुटी उघडी राहते. त्याचे काय होऊ शकते, हे मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. ‘वॉनाक्राय’ने त्या वेळी अनेक देशांतील संगणकांवरच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्या त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. फटका बसला तो ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांना.

माझ्या संगणकावर विंडोज ११ चालेल का?

विंडोज १० ची अधिकृत प्रत असेल, तर ११ वर जाणे मोफत आहे. अडचण पैशांची नाही, यंत्राची आहे. किमान अटी अशा :

• ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण (ही कागदावरची अट, सुखाने काम करायचे तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी हवी)
• ६४ बिटचा, मायक्रोसॉफ्टच्या यादीत असलेला प्रोसेसर. इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा, एएमडी रायझनचा असल्यास २००० मालिकेपासून पुढचा
• टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट

टीपीएम म्हणजे संगणकातली छोटी तिजोरी. पासवर्ड आणि कूटबद्ध माहितीच्या किल्ल्या ती वेगळ्या जपून ठेवते. सिक्युअर बूट हा दारावरचा रखवालदार. संगणक सुरू होताना अनोळखी प्रोग्राम आधीच आत शिरलेला नाही ना, हे तो तपासतो.

हे सगळे एका फटक्यात तपासायचे, तर मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप कंपनीच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या. ते कोणती अट कमी पडते, हे नावानिशी सांगते.

इथे एक मेख आहे. ‘टीपीएम सापडले नाही’ असे उत्तर आले म्हणजे ते नसतेच असे नाही. अनेक संगणकांत ते असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. इंटेलच्या मदरबोर्डवर ते ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या मदरबोर्डवर ‘एफटीपीएम’ या नावाने दिसते. पण बायोसला हात लावण्यापूर्वी डिस्क कूटबद्ध, म्हणजे बिटलॉकर सुरू आहे का, ते पाहा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. ती हाताशी नसेल, तर स्वतःच्याच संगणकाबाहेर उभे राहण्याची वेळ येते.

आत्याच्या संगणकात टीपीएम निघाले. प्रोसेसर मात्र २०१६ चा, इंटेलच्या सहाव्या पिढीचा. म्हणजे अधिकृतपणे ११ साठी नापास.

नापास संगणकावर ‘जुगाड’ करून टाकता येते, असे म्हणतात. टाकावे का?

टाकता येते. अटींची तपासणी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत. मात्र अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. सुरक्षेसाठी प्रणाली बदलायची आणि सुरक्षेचीच हमी गमवायची, यात शहाणपण नाही. हौसेच्या संगणकावर प्रयोग जरूर करा, एकुलत्या एका प्रतीवर नको.

मग नापास संगणकाचे काय करायचे?

तीन मार्ग आहेत.

पहिला, मुदतवाढ. विंडोज १० च्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याची सोय आहे. तिला ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’, थोडक्यात ईएसयू म्हणतात. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. सेटिंग्जमध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, तिथे ‘विंडोज अपडेट’ आणि मग ‘एनरोल’ असा रस्ता आहे. विंडोज बॅकअपने सेटिंग्ज क्लाउडवर ठेवल्यास ही सोय मोफत मिळते. नाही तर रिवॉर्ड्सचे १,००० गुण किंवा ३० डॉलर अथवा तेवढे स्थानिक चलन मोजावे लागते. एका परवान्यावर १० पर्यंत संगणक बसतात.

लक्षात ठेवा, ‘सेटिंग्जचा बॅकअप’ म्हणजे फायलींचा बॅकअप नव्हे. वनड्राइव्हवर मोफत जागा ५ जीबीच मिळते. घरातले सगळे फोटो त्यात मावणार नाहीत.

दुसरा मार्ग लिनक्सचा. ब्राउझर, ईमेल, पत्रे आणि व्हिडिओ एवढेच काम असेल, तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू जुन्या यंत्रावरही चालते आणि फुकट आहे. पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येते, मूळ डिस्कला धक्का लागत नाही. मात्र टॅली, श्री-लिपी यांसारखी विंडोजची सॉफ्टवेअर तिथे सरळ चालत नाहीत.

तिसरा मार्ग नवा संगणक घेण्याचा. तापकीर गल्लीत जुना-वापरलेला घेणार असाल, तर किमतीआधी प्रोसेसरची पिढी विचारा. ‘आय-५ आहे’ एवढे उत्तर पुरेसे नाही. आय-५ चौथ्या पिढीचाही असतो आणि बाराव्याही.

मराठी टायपिंग आणि जुन्या फायलींचे काय?

हा प्रश्न इंग्रजी माहितीपत्रकांत सापडत नाही, पण पेठांतल्या घराघरांत, छापखान्यांत आणि प्रकाशकांकडे खरी धास्ती याचीच आहे.

श्री-लिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम यांच्या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोड नसतो. फायलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, फाँट त्यांना देवनागरीचा पोशाख चढवतो. फॉरमॅट मारला आणि फायली वाचल्या, तरी फाँट गेला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी उरते.

दुसरी अडचण लॉकची. अशा जुन्या सॉफ्टवेअरच्या काही प्रतींना यूएसबीत लावायचे लॉक लागते. त्या लॉकचा जुना ड्रायव्हर विंडोज ११ च्या ‘मेमरी इंटेग्रिटी’ या सुरक्षा सोयीत अडकू शकतो. चार्टर्ड अकाउंटंटांच्या डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचेही तसेच. नवा ड्रायव्हर उपलब्ध आहे का, हे आधी विचारून घ्या.

म्हणून जुना संगणक चालू आहे तोवर तीन कामे उरकावीत :

• प्रत्येक महत्त्वाच्या फायलीची पीडीएफ काढा. पीडीएफमध्ये फाँट सोबत बांधला जातो, त्यामुळे ती कुठेही तशीच दिसते.
• कंट्रोल पॅनलमधल्या फाँट्सच्या फोल्डरमधून जुने फाँट वेगळे काढून ठेवा.
• मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि मग डोळ्यांत तेल घालून वाचा. रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात.

११ वर जाताना काय काळजी घ्यावी?

फायलींच्या दोन प्रती करा, एक घरातल्या बाहेरच्या हार्डडिस्कवर, दुसरी दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. ‘अपग्रेड’ आणि ‘फॉरमॅट’ यांतला फरक ओळखा. विंडोज अपडेटमधून अपग्रेड केले की फायली आणि सॉफ्टवेअर जागेवर राहतात, फॉरमॅटमध्ये जुने सगळे पुसले जाते. ३२ बिटचे विंडोज १० असेल तर मात्र थेट अपग्रेड होत नाही. ११ फक्त ६४ बिटमध्येच आहे, त्यामुळे ते नव्याने बसवावे लागते.

अपग्रेडनंतर जमले नाही, तर साधारण १० दिवसांच्या आत ‘रिकव्हरी’तून मागे येता येते. तेवढ्या दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, टोकन सगळे वापरून पाहा. आणि यूपीएस नसेल, तर निदान पुण्यात तरी हे काम गुरुवारी काढू नका. वीज दुरुस्तीच्या नेमक्या वेळी संगणक अर्ध्यात अडकायचा.

शेवटचे, ‘तुमचे विंडोज बंद होणार आहे’ असा फोन आला तर ठेवून द्या. मायक्रोसॉफ्ट असे फोन करत नाही. कोणाच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअर करणारे ॲप घेऊ नका. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

आत्याच्या संगणकाचे काय झाले?

तो अजून विंडोज १० वरच आहे. ईएसयूची नोंदणी पाच मिनिटांत झाली. पीडीएफ काढायला मात्र दोन रविवार गेले. कुलवृत्तान्ताच्या आता तीन प्रती आहेत. त्यांतली युनिकोडची प्रत आत्या रोज दहा पाने या वेगाने तपासते आणि सुटलेले रफार मला फोनवर वाचून दाखवते. दुकानदाराला तिने ‘तूर्तास नको’ सांगितले. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये १३ ऑक्टोबरच्या चौकटीभोवती लाल पेनाने गोल काढलेला आहे. खाली तिच्या अक्षरात लिहिले आहे : नवा संगणक.