तुरट घोटाचे रसायन

फ्रान्सच्या बोर्दो भागात कॅबर्ने सोव्हिन्याँ या काळ्या द्राक्षाची वाइन प्रसिद्ध आहे. तिच्याबरोबर ताटात बहुधा भाजलेले मांस असते. 'मांसाबरोबर लाल, मासळीबरोबर पांढरी' हा तिकडचा जुना संकेत. नाशिककडे ही द्राक्षे होऊ लागल्यापासून तो आपल्याही कानावर पडतो. हा नुसता शिष्टाचार म्हणायचा, की त्यात काही रसायन आहे?

उत्तर शोधायला बाटली लागत नाही. वर्गात तर नकोच! हिरड्याचा तुकडा किंवा एखादे जांभूळ पुरे.

बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस फिकटच असतो, रंग असतो सालीत. पांढऱ्या वाइनसाठी रस आधी गाळून घेतात. लाल वाइनचा रस मात्र साली-बियांसकट कित्येक दिवस आंबत ठेवतात. तेव्हा रंगाबरोबर टॅनिन नावाची संयुगेही रसात उतरतात. कॅबर्नेचे मणी लहान आणि जाड सालीचे, म्हणजे रसाच्या मानाने साल आणि बिया जास्त. पुढे ही वाइन ओकच्या पिंपात मुरते, तेव्हा लाकडातूनही थोडे टॅनिन येते.

टॅनिनची आपली ओळख जुनीच आहे. कातडी कमावायला बाभळीची साल आणि हिरडा वापरत आले आहेत. त्यांतले टॅनिन कातड्यातील प्रथिनांना घट्ट धरते. तोंडातही तसेच घडते. लाळेत प्रोलीन या अमिनो आम्लाने समृद्ध अशी प्रथिने असतात. टॅनिन त्यांना चिकटले की त्यांच्या गुठळ्या होतात, लाळेचे वंगण जाते आणि जीभ टाळूवर खरखरीत लागते. यालाच आपण तुरट म्हणतो.

मग तुरट ही चव की स्पर्श? हा प्रश्न एखादा विद्यार्थी हमखास विचारतो. २०१४ साली जर्मनीतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, चवीची चेता बधिर केली तरी लोकांना तुरटपणा जाणवत राहिला. जिभेच्या स्पर्शाची चेताही बधिर केल्यावर मात्र तो नाहीसा झाला. आयुर्वेदाने कषाय हा सहा रसांपैकी एक मानला आहे. म्हणून लगेच त्याला चूक ठरवायला नको. तिखटही त्या सहांत आहे आणि तेही आज चवीत मोजत नाहीत. अनुभव तोच, वर्गवारी निराळी.

तुरटपणाची एक खोड आहे : घोटागणिक तो वाढत जातो. याउलट चरबीयुक्त मांसाने तोंड ओशट होते. २०१२ साली अमेरिकेतील संशोधकांनी तुरट द्रावणाचे घोट आणि सुक्या मांसाचे तुकडे आलटून पालटून दिले, तेव्हा ओशटपणा नुसत्या पाण्याच्या घोटांपेक्षा अधिक कमी झाला. शिवाय मांसातली वा चीजमधली प्रथिने टॅनिनला गुंतवून ठेवतात, म्हणजे लाळेच्या वाट्याला ते कमी येते. चहात दूध घातल्यावर हेच होते.

वर्गात दाखवायचे तर कोरा कडक चहा गाळून गार करा. दोन ग्लासांत सारखा ओता. एकात कोमट पाण्यात विरघळवलेले जिलेटिन घाला, दुसऱ्यात तेवढेच साधे पाणी. जिलेटिन हे प्रथिन आहे. तो चहा गढूळ होतो. बोर्दोत हीच क्रिया कामाला लावतात. २२५ लिटरच्या पिंपात पाच-सहा अंड्यांचा पांढरा भाग घालतात. जास्तीचे टॅनिन त्याला चिकटून तळाशी बसते आणि वाइन मऊ होते.

मासळीचे काय? तिथे दोष टॅनिनपेक्षा लोहाचा दिसतो. २००९ साली जपानी संशोधकांना आढळले की वाइनमध्ये लोह जितके जास्त, तितका शिंपल्यातील जिवाबरोबर येणारा हिवस वास अधिक. लोह कमी असेल तर लाल वाइनही मासळीबरोबर चालून जाते. म्हणजे संकेताचा हा भाग जरा सैलच.

आपल्या तांबड्या रश्श्याशी मात्र या वाइनचे जमणे कठीण. रश्श्यात मटण आहे, चरबी आहे, सगळे आहे. पण मिरचीतले कॅप्सेसिन तोंडातील ज्या ग्राहींना चेतवते, त्यांनाच अल्कोहोल अधिक संवेदनशील करते. तेरा-चौदा टक्के अल्कोहोलचा घोट घेतला की तिखट शमत तर नाहीच, उलट भडकते. त्यापेक्षा सोलकढी बरी.