एकच कॉर्वेट, मग सगळ्यात तगडी यायला सहा वर्षं का लागली?

जुलै २०१९. शेवरोलेनं नवी कॉर्वेट दाखवली आणि अमेरिकेतल्या गाडीवेड्यांमध्ये एकच चर्चा. विकायच्या कॉर्वेटचं इंजिन पहिल्यांदाच बॉनेटखालून उचलून सीटच्या मागं गेलं होतं. ताकद ४९० हॉर्सपॉवर, सुरुवातीची किंमत ६० हजार डॉलरच्या आत.

पण ही झाली साधी स्टिंगरे. २०२१ मध्ये झेड-झिरो-सिक्स आली, ६७० हॉर्सपॉवरची. २०२३ ला ई-रे, २०२४ ला झेडआर-वन, थेट १,०६४! जून २०२५ मध्ये झेडआर-वन-एक्स, १,२५०.

आता तुम्ही म्हणाल, एवढी ताकद काढता येत होती तर आधीच का नाही दिली?

एक कारण सरळ धंद्याचं. नवी गाडी जुनी व्हायला वेळ लागत नाही, मग मध्येच तगडं व्हर्जन आणलं की ती परत चर्चेत येते.

पण खरी गंमत इंजिनात आहे. झेड-झिरो-सिक्ससाठी ५.५ लिटरचं नवंकोरं व्ही-एट बनवलं. त्याच घराण्यातल्या इंजिनाला दोन टर्बो लावले, झाली झेडआर-वन. ई-रेमध्ये पुढच्या चाकांसाठी इलेक्ट्रिक मोटर आली. तशीच, पण १८६ हॉर्सपॉवरची मोटर झेडआर-वनला जोडली की हिशोब १,२५० वर जातो. म्हणजे शेवटची गाडी आधीच्या दोघींच्या जिवावर उभी आहे.

मग २०२० मध्ये स्टिंगरे घेणारा फसला का? तसं काही नाही. झेडआर-वन-एक्सची किंमत २ लाख डॉलरच्या वर सुरू होते. तेवढ्यात त्याच्या तीन स्टिंगरे आल्या असत्या.