दुधाविना, अंड्याविना – भाग ४
अंड्याची चार कामं

गेल्या भागात दुधाचं निभावलं. साध्या केकमध्ये गाई-म्हशीच्या दुधाऐवजी तेवढंच सोयाबीनचं किंवा बदामाचं दूध घातलं, तरी भागतं. अंड्याचं गणित इतकं सरळ नाही. ‘अंड्याऐवजी काय घालू?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर देता येत नाही, कारण अंडं चार निरनिराळी कामं करतं. आपल्या पाककृतीत त्यातलं कुठलं काम त्याच्याकडे आहे, हे आधी ओळखावं लागतं.

तत्पूर्वी एक घोळ निस्तरू. आपल्याकडे एगलेस केक गल्लोगल्ली मिळतो, म्हणून तो व्हीगन ठरत नाही. अंड्याची उणीव तिथे बहुधा कंडेन्स्ड मिल्क, दही किंवा ताकानं भरून काढलेली असते. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावरही विसंबू नका; त्यात दूध, तूप, मध सगळं बसतं. व्हीगन पदार्थांसाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे वेगळे नियम २०२२ मध्ये आले. त्यांचं स्वतंत्र चिन्ह आहे, ते शोधा.

आता ती चार कामं. पहिलं, मिश्रण बांधून धरणं. कुकीज आणि मफिन्समध्ये अंडं मुख्यतः हेच करतं आणि इथे आपल्या चटणीचे जवस कामी येतात. एक मोठा चमचा जवसाची बारीक पूड तीन मोठे चमचे पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. जवसाच्या सालीतला चिकट अंश पाण्यात उतरतो आणि मिश्रण बुळबुळीत होतं. एवढं एका अंड्याला पुरतं. जवस भाजलेले नकोत, नाहीतर केकला चटणीचा वास येईल.

दुसरं काम तेल आणि पाणी एकजीव करणं. पिवळ्या बलकातलं लेसिथिन ते करतं. सोयाबीनमध्येही लेसिथिन असतं, म्हणून या कामाला सोयाबीनचं दूध उजवं.

तिसरं, हवा कोंडून ठेवणारा फेस. याला वर्षानुवर्षं चांगला पर्याय नव्हता. २०१४ मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच गायकाच्या लक्षात आलं, की डब्यातल्या कडधान्याचं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेटता येतं. पुढच्याच वर्षी गूस वोल्ट या अमेरिकी सॉफ्टवेअर इंजिनिअरनं काबुली चण्याचं पाणी आणि साखर एवढ्यावरच मेरिंग जमवून दाखवलं. आज हे पाणी अॅक्वाफाबा म्हणून ओळखलं जातं. चणे शिजताना त्यांतली काही प्रथिनं, पिष्टमय पदार्थ आणि सॅपोनिन पाण्यात उतरतात. त्यांच्यामुळे फेस येतो आणि टिकतो. घरी करताना चणे रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात मिठाशिवाय शिजवा. उरलेलं पाणी पातळ वाटलं, तर आटवून घ्या. गार झाल्यावर ते कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट व्हायला हवं. एका अंड्याच्या जागी तीन मोठे चमचे, नुसत्या पांढऱ्याच्या जागी दोन.

चौथं काम सर्वांत अवघड : तापल्यावर घट्ट होणं. अंड्याचा पांढरा साधारण ६२ अंश सेल्सिअसपासून घट्ट होऊ लागतो आणि स्पंज उभा धरतो. अॅक्वाफाबाला हे तितकंसं जमत नाही. म्हणून त्याचं मेरिंग मंद आचेवर वाळवून होतं, पण निव्वळ पांढऱ्यावर उभा राहणारा एंजल केक त्यानं केला तर खाली बसतो.

मग साधा केक अंड्याविना उभा कसा राहतो? मैद्यातलं ग्लुटेन आणि स्टार्च तो भार उचलतात. डोनाल्ड वॉटसन या सुतारकाम शिकवणाऱ्या शिक्षकानं सहकाऱ्यांसह नोव्हेंबर १९४४ मध्ये ब्रिटनमध्ये व्हीगन सोसायटी स्थापली, तेव्हा तिथे अंडी आणि लोणी रेशनवर होतं. अशाच टंचाईच्या वर्षांशी अमेरिकेतल्या वॅकी केकचं नाव जोडलेलं आहे. दीड कप मैदा, एक कप साखर, तीन मोठे चमचे कोको, एक छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ आठ इंची चौकोनी भांड्यातच मिसळा. कोरड्या मिश्रणात तीन खळगे करा. एकात मोठा चमचाभर व्हिनेगर, दुसऱ्यात छोटा चमचाभर व्हॅनिला, तिसऱ्यात पाव कपाहून थोडं जास्त तेल. वरून एक कप पाणी ओता आणि गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळा. फार घोटलंत तर केक चिवट होईल. सोडा आणि व्हिनेगर भेटताच वायू सुटू लागतो, म्हणून ओव्हन आधीच १८० अंशांवर तापलेला हवा. अर्ध्या तासानं सुरी खुपसून पाहा.

कुठलीही जुनी पाककृती बदलायला घेताना आधी अंडी मोजा. एक-दोन असतील, तर वरच्या उपायांनी निभावेल. तीन-चार किंवा जास्त असतील, तर त्या पाककृतीचा डोलारा अंड्यांवरच उभा आहे असं समजा आणि मुळातच व्हीगन असलेली दुसरी पाककृती निवडा. पुढच्या आठवड्यात लोण्याकडे वळू.